रिमोट डेस्कटॉप आणि लिनक्स : घरचा कॉम्प्युटर दुरून कितपत दुरुस्त करता येतो?

समजा, नागपूरच्या नंदनवनमध्ये आई-बाबा राहतात आणि मुलगी पुण्यात नोकरी करते. एका संध्याकाळी बाबांचा फोन येतो, "अगं, कॉम्प्युटर सुरूच होत नाहीये." मुलगी म्हणते, "बाबा, थांबा, मी इथूनच बघते." पण तिला इथून काही दिसतच नाही.

असा प्रसंग आता बऱ्याच घरांत येतो. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा मोफत आधार थांबवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे चांगले चालणारे जुने कॉम्प्युटर टाकून देण्याऐवजी त्यांवर लिनक्स मिंट किंवा उबुंटूसारखी मुक्तस्रोत ऑपरेटिंग सिस्टिम टाकण्याकडे लोक वळले आहेत. सिस्टिम नवी असली तरी आतले सुटे भाग जुनेच असतात आणि ते कधी ना कधी बिघडतात. अशा वेळी दुरून काय करता येते आणि कुठे घरच्या माणसाचेच हात लागतात, ते पाहू.

## रिमोट डेस्कटॉप म्हणजे काय?

दुसऱ्या ठिकाणच्या कॉम्प्युटरचा पडदा इंटरनेटवरून आपल्यासमोर आणणे आणि आपला माउस व कीबोर्ड तिथे चालवणे, म्हणजे रिमोट डेस्कटॉप. तिकडचा कॉम्प्युटर आपल्या पडद्याचे चित्र पाठवत राहतो आणि इकडून क्लिक आणि अक्षरे जातात.

ही कल्पना नवी नाही. पडदा एकीकडे आणि प्रोग्राम दुसरीकडे, अशी सोय असलेली एक्स विंडो सिस्टिम १९८४ मध्ये अमेरिकेतील एमआयटीत तयार झाली. जोडणीतून जाणारे पासवर्ड चोरले जाऊ लागल्यावर फिनलंडच्या टाटू युलोनेन यांनी १९९५ मध्ये एसएसएच तयार केले. यात पडद्याचे चित्र येत नाही, फक्त अक्षरांतून आदेश देता येतात, पण सगळी देवाणघेवाण कूटबद्ध असते. आज जगभरचे लिनक्स सर्व्हर मुख्यतः याच मार्गाने सांभाळले जातात.

## 'सुरू होत नाही' म्हणजे नेमके काय?

बटण दाबल्यापासून डेस्कटॉप दिसेपर्यंत कॉम्प्युटर पाच पायऱ्या चढतो. बिघाड कोणत्या पायरीवर आहे हे कळले की पुढचा मार्ग ठरतो.

१. वीज : दिवा लागतो, पंखा फिरतो.
२. स्वतपासणी : मदरबोर्ड रॅम, प्रोसेसर, ग्राफिक्स तपासतो आणि कंपनीचा लोगो दिसतो.
३. ऑपरेटिंग सिस्टिम : डिस्कवरून लिनक्स वाचले जाते.
४. नेटवर्क : वाय-फाय किंवा केबल जोडली जाते.
५. डेस्कटॉप : लॉगिनचा पडदा आणि आयकॉन दिसतात.

रिमोट डेस्कटॉप पाचव्या पायरीवर चालतो. एसएसएच आधीपासून चालू करून ठेवले असेल, तर ते चौथ्या पायरीवरही चालते. म्हणजे पडदा काळा असला तरी मशीन नेटवर्कवर असेल, तर आत शिरता येते. पहिल्या तीन पायऱ्यांवरचा बिघाड कोणत्याही ॲपने दुरून दिसत नाही. मोठ्या सर्व्हरना यासाठी वेगळी चिप असते. पाय-केव्हीएमसारखे मुक्तस्रोत उपकरण जोडूनही बायोसचा पडदा दुरून पाहता येतो. घरगुती वापरात मात्र मोबाइलवरचा व्हिडिओ कॉल तेच काम करतो. बाबांनी कॅमेरा पडद्यासमोर धरला की मुलीला पहिल्या तीन पायऱ्या दिसतात.

म्हणून पहिला प्रश्न असा असावा : "बाबा, बटण दाबल्यावर दिवा लागतो का? पंख्याचा आवाज येतो का? पडद्यावर काही अक्षरे दिसतात का?"

## दुरून जोडणी कशी करावी?

घरातील इंटरनेटवर बाहेरून थेट शिरणे सहसा जमत नाही. अनेक कंपन्या बऱ्याच ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात, त्यामुळे बाहेरून आलेली हाक नेमक्या घरापर्यंत पोहोचत नाही. यावर उपाय असा, की दोन्ही कॉम्प्युटर एका मध्यस्थ सर्व्हरशी बोलतात आणि तो त्यांची गाठ घालून देतो.

रस्टडेस्क हे मुक्तस्रोत ॲप याच पद्धतीने चालते. समोरच्याने आपला आयडी आणि पासवर्ड सांगितला की जोडणी होते. हवे असल्यास मध्यस्थ सर्व्हरही स्वतःचा उभारता येतो. उबुंटू २४.०४ मध्ये तर सेटिंग्जमध्येच रिमोट डेस्कटॉपची सोय आहे. ती घरातल्या घरात लगेच वापरता येते, पण दुसऱ्या शहरातून वापरायची तर वायरगार्डसारखी व्हीपीएन जोडणी लागते. राउटरमध्ये रिमोट डेस्कटॉपचे पोर्ट थेट इंटरनेटला उघडून ठेवणे टाळावे. अशी उघडी दारे शोधणारे प्रोग्राम इंटरनेटवर सतत फिरत असतात.

एक अडचण अनेकांना गोंधळात टाकते. लिनक्समध्ये पडदा रंगवण्याच्या दोन पद्धती आहेत, जुनी एक्स-११ आणि नवी वेलँड. वेलँडमध्ये एका प्रोग्रामला दुसऱ्याचा पडदा परस्पर पाहता येत नाही, घरच्या माणसाला परवानगीचे बटण दाबावे लागते. सुरक्षेच्या दृष्टीने हे चांगलेच आहे, पण घरी कुणी नसेल तर काम अडते. लिनक्स मिंट २२ च्या सिनॅमन डेस्कटॉपवर मूळ निवड एक्स-११ ची असल्याने तिथे हा अडथळा कमी येतो.

वाय-फायच चालत नसेल तर? फोन यूएसबी केबलने कॉम्प्युटरला जोडून फोनमधील 'यूएसबी टेदरिंग' चालू करावे. लिनक्स बहुतेक फोन वेगळा ड्रायव्हर न मागता ओळखते. इंटरनेट आले की बाकीचे काम पुण्यातून होते.

## बिघाड सिस्टिमचा की सुट्या भागाचा?

यासाठी लिनक्सचे सर्वांत उपयोगी साधन म्हणजे लाइव्ह पेनड्राइव्ह. ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर लिनक्स मिंट घालून त्यावरून कॉम्प्युटर सुरू करता येतो, आतल्या डिस्कवर काहीही न बसवता.

पेनड्राइव्हवरून सुरू केल्यावर आवाज, वाय-फाय आणि पडदा नीट चालत असेल, तर दोष बहुधा डिस्कवरच्या सिस्टिममध्ये किंवा डिस्कमध्येच आहे. तीच अडचण पेनड्राइव्हवरूनही येत असेल, तर संशय सुट्या भागावर जातो. एक अपवाद लक्षात ठेवावा. काही वाय-फाय आणि ग्राफिक्स कार्डांचे ड्रायव्हर लाइव्ह पेनड्राइव्हमध्येही नसतात, म्हणून त्यांच्याबाबत लगेच निष्कर्ष काढू नये. पडदा काळा राहिला, तर सुरुवातीच्या मेनूतील 'कंपॅटिबिलिटी मोड' निवडून पाहावा.

लाइव्ह पेनड्राइव्हवर इंटरनेट जोडून तिथेच रस्टडेस्क चालवता येते. मग डिस्कवरची सिस्टिम सुरू होत नसली तरी मुलगी आत येऊन कागदपत्रे आणि फोटो वाचवू शकते. म्हणून असा पेनड्राइव्ह आधीच करून, त्यावर नाव लिहून, कपाटात ठेवावा.

## नेहमीचे बिघाड आणि त्यांची लक्षणे

काहीच होत नाही : आधी भिंतीवरचे बटण, एक्स्टेंशन बोर्ड आणि पॉवर सप्लायच्या मागचे छोटे बटण पाहावे. दुसऱ्या सॉकेटवर लावून बघावे.

पंखा फिरतो, पडदा काळा : मॉनिटरची केबल तपासावी. वेगळे ग्राफिक्स कार्ड असेल, तर केबल त्यालाच लावलेली हवी. बीप ऐकू येत असतील तर त्यांची संख्या मोजावी. त्यांचा अर्थ मदरबोर्डच्या कंपनीनुसार बदलतो.

रॅम : अधूनमधून मशीन गोठते किंवा आपोआप रीस्टार्ट होते. वीज पूर्ण काढून, रॅमची पट्टी बाहेर काढून, खाच बघून घट्ट बसवल्यावर अनेकदा काम होते. पक्की तपासणी मेमटेस्ट८६+ या मुक्तस्रोत प्रोग्रामने होते. तो रात्रभर चालू ठेवावा. रॅमची एकही चूक निघाली तर ती पट्टी विश्वासाची नाही. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून तपासावी.

डिस्क : उबुंटूमधील 'डिस्क्स' या ॲपमध्ये डिस्कची स्मार्ट माहिती दिसते. बदललेले किंवा वाचता न येणारे सेक्टर वाढत असतील, तर डिस्क जाण्याच्या मार्गावर आहे. पण फक्त सीआरसी चुकांचा आकडा वाढत असेल, तर दोष बहुधा डिस्कचा नसून सैल केबलचा असतो. हा फरक कळला नाही, तर चांगल्या डिस्कऐवजी नवी विकत घेतली जाते. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर वारंवार सुरू करून बघू नये. आतला डेटा मोलाचा असेल तर थेट जाणकाराकडे न्यावी.

घड्याळ मागे जाते : दर वेळी तारीख जुनी दिसते, वेबसाइट 'सुरक्षित नाही' म्हणून उघडत नाहीत. मदरबोर्डवरील नाण्याएवढी सीआर२०३२ बॅटरी संपलेली असते. ती स्वस्त असते आणि सहज बदलता येते.

झाकण उघडताना प्लग काढलेला असावा. पॉवर सप्लायचा डबा मात्र घरी कधीही उघडू नये. प्लग काढल्यावरही त्यात काही काळ धोकादायक वीज साठून राहते.

## नागपूरचा उन्हाळा आणि कॉम्प्युटर

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. प्रोसेसरवरचा पंखा खोलीतलीच हवा वापरतो, त्यामुळे खोलीच ४० अंशांवर असेल तर प्रोसेसर त्याहून थंड होऊ शकत नाही. बहुतेक प्रोसेसर ९५ ते १०० अंशांच्या आसपास पोहोचले की स्वतःचा वेग कमी करतात आणि तरीही भागले नाही तर मशीन बंद पडते. दुपारी बंद पडणारा आणि सकाळी नीट चालणारा कॉम्प्युटर बहुधा तापलेला असतो. पंख्यातील धूळ काढणे आणि जुनी थर्मल पेस्ट बदलणे हा उपाय. कॉम्प्युटर डेझर्ट कूलरच्या थेट झोतात ठेवू नये. ती हवा दमट असते.

लिनक्समध्ये 'सेन्सर्स' या आदेशाने तापमान दिसते आणि हे काम दुरूनही होते. पण सेन्सरही चुकतो. ३० मे २०२४ रोजी नागपुरातील एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश तापमान दाखवले आणि देशभर बातमी झाली. नंतर हवामान विभागाने सेन्सरमधील बिघाड हे कारण सांगितले. शहरातील इतर काही केंद्रांवर आकडा बराच कमी होता. कॉम्प्युटरमध्येही एकच सेन्सर १२० अंश दाखवत असेल आणि बाकीचे ५० वर असतील, तर आधी त्या सेन्सरवरच शंका घ्यावी.

## दुरून रीस्टार्ट करण्यापूर्वी

दुरून काम करणाऱ्यांची सर्वांत मोठी चूक म्हणजे घरी कुणी नसताना नेटवर्कची सेटिंग बदलणे किंवा रीस्टार्ट करणे. डिस्क कूटबद्ध असेल, तर सुरू होतानाच पासवर्ड मागितला जातो. त्या वेळी सहसा नेटवर्क आलेले नसते, म्हणून तो दुरून देता येत नाही. वीज गेल्यावर मशीन आपोआप सुरू व्हावे असे वाटत असेल, तर बायोसमधील 'वीज परत आल्यावर सुरू करा' अशा अर्थाचा पर्याय निवडून ठेवावा. शक्य असेल तर यूपीएस लावावा.

## मदत करणारा कोण, हे ओळखा

जो मार्ग मुलीला आत येऊ देतो, तोच मार्ग भामट्यालाही देतो. फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना सावध केले होते, की एनीडेस्कसारखे ॲप टाकायला लावून लोकांच्या खात्यांतून पैसे काढले जात आहेत. ॲप स्वतः फसवे नसते, ते कुणाच्या सांगण्यावरून टाकले हे महत्त्वाचे. बँक, वीज कार्यालय किंवा पोलिसांच्या नावाने कुणी स्क्रीन शेअर करायला सांगितले, तर फोन ठेवून द्यावा. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या हेल्पलाइनवर तक्रार करावी. जितका उशीर, तितकी पैसे परत मिळण्याची शक्यता कमी.

घरात एकच नियम असावा : फोन आपण केला असेल तरच आयडी सांगायचा, समोरून आलेल्या फोनवर कधीच नाही. काम संपले की जोडणी बंद करावी आणि एकदाच चालणारा पासवर्ड वापरावा.

## थोडक्यात

- आधी पायरी ओळखा : वीज, स्वतपासणी, सिस्टिम, नेटवर्क, डेस्कटॉप.
- पहिल्या तीन पायऱ्यांसाठी व्हिडिओ कॉल, पुढच्या दोनसाठी एसएसएच आणि रिमोट डेस्कटॉप.
- सुटा भाग विकत घेण्यापूर्वी लाइव्ह पेनड्राइव्हवर तपासा.
- दुरुस्तीपूर्वी डेटाची प्रत काढा.
- रस्टडेस्क, एसएसएच आणि पेनड्राइव्हची तयारी कॉम्प्युटर चांगला असतानाच, पुढच्या सुट्टीत घरी गेल्यावर करून ठेवा.