साडेसात रुपयांची खोली

आमच्या गिरगावातल्या खोलीत दाराआड एक तार टांगलेली असे आणि तिच्यात भाडेपावत्या ओवलेल्या असत. सर्वांत खालची आजोबांच्या नावाची, १९५० सालची: भाडे रुपये सात, आणे आठ. सर्वांत वरची वडिलांच्या नावाची, १९९४ सालची. तीवर करांचे आणि दुरुस्ती-उपकराचे नवे रकाने आले होते. मूळ भाड्याचा आकडा मात्र सात रुपये पन्नास पैसे. आणे गेले, नवे पैसे आले, आजोबा गेले. भाडे हलले नाही. कादंबऱ्या लिहिणाऱ्या शाळामास्तराने इतिहासात लुडबूड करू नये, हे मलाही कळते. पण ती तार गप्प बसू देईना.

मुंबईतली चाळ कोणी पुण्य जोडायला बांधलेली नाही. तो धंदा होता. १८५४ साली कावसजी दावर यांनी कापडगिरणी काढली, तिच्यामागून आणखी गिरण्या आल्या आणि कोकणातून, घाटावरून माणसांचा ओघ लागला. १८९१ च्या शिरगणतीत शहराची वस्ती ८,२१,७६४ भरली. बहुतेक गिरणीवाले मजुरी देत, घर देत नसत. ते काम पैसा बाळगून असलेल्या व्यापाऱ्यांनी अंगावर घेतले. जमीन थोडी, बिऱ्हाडे फार. म्हणून एक लांब सज्जा, त्याला लागून खोल्यांची रांग, टोकाला नळ आणि संडास. आज ज्या सज्जावरच्या आकाशकंदिलांच्या आठवणीने आपण हळवे होतो, तो मालकाच्या काटकसरीतून निघाला आहे. एका जिन्यात साऱ्या मजल्याचे भागत असे!

१८९६ साली प्लेग आला. लोक गाव गाठू लागले, आणि १९०१ च्या शिरगणतीत वस्ती ७,७६,००६ वर उतरली. दाटीवाटीच्या वस्त्या पाडून शहर मोकळे करण्यासाठी १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. पाडण्याचे काम झपाट्याने झाले, बांधण्याचे सावकाश; उठवलेली माणसे शेजारच्या चाळींत शिरली. पहिल्या महायुद्धात भाडी इतकी भडकली, की १९१८ साली त्यांवर कायद्याने लगाम घालावा लागला.

पुढे १९२० साली गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत सरकारच घरे बांधायला निघाले. कापसाच्या गाठीमागे एक रुपया जकात बसवली आणि पन्नास हजार खोल्यांचा बेत केला. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाइल रोड येथे २०७ चाळी उठल्या. इतके करून त्यांतल्या पुष्कळ खोल्या पहिली काही वर्षे ओस! सिमेंटच्या भिंती, गैरसोयीची जागा आणि मजुराला न झेपणारे भाडे. घर आहे आणि घेणारा नाही, ही गंमत मुंबईने तेव्हाही पाहिली आहे.

मग दुसरे महायुद्ध, पाठोपाठ फाळणीचे निर्वासित. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते तेच प्रमाण ठरवले. हा कायदा नसता तर आजी चार लेकरांसह रस्त्यावर आली असती. त्याला नावे ठेवताना माझी जीभ अडखळते. पण मूळचा तात्पुरता हा कायदा मुदतीमागून मुदत घेत २००० सालापर्यंत जगला. परिणाम व्हायचा तो झाला. भाड्याने देण्यासाठी चाळ बांधणारा मनुष्य मुंबईतून हळूहळू नाहीसा झाला. पैसा मालकीच्या ब्लॉकांकडे वळला. १९७३ साली लिव्ह-लायसन्सने राहणाऱ्यांनाही भाडेकरूचे संरक्षण मिळाले, तेव्हा कित्येक मालकांनी रिकाम्या जागांना कुलपे लावणेच पसंत केले. खोलीची खरी किंमत मात्र कायद्याने मेली नाही. ती पावतीतून उठून पागडीत जाऊन बसली.

आमच्या चाळीत चाळीस खोल्या. सरासरी साडेसात धरा. महिन्याचे तीनशे रुपये. भाडे वसूल करणाऱ्या मेहताजींचा पगारसुद्धा त्यातून निघत नसावा. एका पावसाळ्यात सज्जाला टेकू लावायची वेळ आली, तेव्हा वडील त्यांच्यावर तडकले. मेहताजी शांतपणे म्हणाले, "मास्तर, तुम्हा सगळ्यांच्या भाड्यात एक वासा तरी येतो का ते सांगा." वडीलही शिक्षकच, गणिताचे. ते काही बोलले नाहीत.

१९९९ च्या कायद्याने पागडीला मान्यता दिली आणि भाडे दरसाल चार टक्क्यांनी वाढू लागले. आमचा व्यवहार त्याआधीचा, १९९४ चा, म्हणजे चोरीचा. बहिणीचे लग्न ठरले होते आणि डोंबिवलीला ब्लॉक पाहिला होता. शाळेचा खडूसुद्धा घरी न आणणाऱ्या माझ्या वडिलांनी त्या संध्याकाळी दार लावून नोटा मोजल्या. तिसरा हिस्सा बाजूला काढून तो मालकासाठी मेहताजींच्या पिशवीत ठेवला. त्याची पावती कोणी मागितली नाही.

मेहताजींनी पावतीपुस्तक उघडले, नव्या बिऱ्हाडकरूचे नाव विचारले आणि पुढच्या रकान्यात सवयीच्या हाताने लिहिले: सात रुपये पन्नास पैसे.