तीन जुन्या कादंबऱ्या

‘यमुनापर्यटन’ (१८५७), ‘मुक्तामाला’ (१८६१) व ‘मोचनगड’ (१८७१) या कादंबऱ्या आम्हीं नुकत्याच लागोपाठ वाचिल्या. हळबेशास्त्र्यांच्या ‘मुक्तामाला’ कादंबरींत अद्भुत प्रसंगांची इतकी दाटी आहे कीं, नायिकेची काळजी करण्यास वाचकास उसंतच मिळत नाहीं. गुंजीकरांनीं शिवकालाकडे वळून मराठी कादंबरीस ऐतिहासिक विषय दिला, हें खरें. तथापि आमचें मन गुंतून राहिलें तें बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटनां’त. त्यांतील ख्रिस्ती धर्मोपदेश उघड आहे, व कलादृष्ट्या तो जाचतोहि. परंतु पतीसह हिंडतांना विधवांचीं दुःखें पाहणाऱ्या यमुनेवरच पुढें वैधव्य ओढवतें, तेव्हां धर्ममताचा वाद आपोआप बाजूस पडतो. विधवाविवाहाचा कायदा आदल्याच वर्षीं, १८५६ सालीं, झाला होता. घरोघर केशवपन मात्र चालूच होतें.