किसलेली साल, किसलेले चीज : रोजच्या जेवणाला नवा स्वाद

आसेगाव (जि. वाशीम) : संत्रे सोलले की साल कचऱ्याच्या डब्यात जाते. फार तर काही घरांत ती वाळवून उटण्यासाठी ठेवली जाते. फळाचा खरा सुवास मात्र या सालीतच दडलेला असतो. वाशीम जिल्ह्यासह विदर्भाच्या मोठ्या भागात संत्र्याच्या बागा आहेत. आंबिया बहाराची फळे साधारणतः ऑक्टोबर ते डिसेंबर, तर मृग बहाराची फेब्रुवारी ते एप्रिल या काळात बाजारात येतात. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. गराबरोबर सालीचेही पैसे मोजणाऱ्या गृहिणीला तिचा उपयोग स्वयंपाकात सहज करता येतो.

रस वेगळा, साल वेगळी

रसात आंबटपणा असतो, तर सालीच्या रंगीत थरात सुगंधी तेलाच्या सूक्ष्म पिशव्या असतात. संत्र्याच्या या तेलात लिमोनीन हा घटक ९० टक्क्यांहून अधिक असतो. गरम दुधात लिंबाचा रस पडल्यास दूध फाटते. चिमूटभर सालीच्या किसाने मात्र ते फाटत नाही. म्हणूनच बासुंदी, श्रीखंड, शिरा किंवा चीज घातलेला पांढरा सॉस यांना फळाचा सुवास द्यायचा असेल, तर रसापेक्षा कीस सोयीचा ठरतो.

कीस कसा काढावा?

नागपुरी संत्र्याची साल सैल असते. सोलल्यावर ती किसणे अवघड जाते. त्यामुळे घट्ट सालीचे अख्खे फळ निवडून आधी कीस काढावा आणि मग ते सोलावे. बारीक छिद्रांची किसणी वापरावी. एका जागी एकदाच हलक्या हाताने फिरवून फळ वळवावे. रंगीत थराखालचा पांढरा भाग कडू असतो. तो किसात येऊ देऊ नये. कागदी लिंबाची साल फारच पातळ असल्याने तेथे अधिक काळजी घ्यावी लागते. हे तेल उष्णतेने उडून जाते. त्यामुळे कीस पदार्थ गॅसवरून उतरवताना घालावा. गोड पदार्थासाठी तो आधी साखरेत चोळून घेतल्यास सुवास साखरेत उतरतो.

चीज घालताना

चीज फ्रीजमधून काढल्याबरोबर किसल्यास किसणीला चिकटत नाही. चीजमध्ये मूळचेच मीठ असते; म्हणून पदार्थात मीठ शेवटी, चव पाहूनच घालावे. चौघांच्या भाजीला २५ ग्रॅमचे दोन तुकडे आणि पाव चमचा कीस पुरतो. उकडलेला बटाटा, मक्याचे दाणे, गरम थालीपीठ किंवा धिरडे यांवर लिंबाच्या सालीचा कीस, मिरपूड व चीज ही जोडी चांगली जमते. चीजचा जडपणा या सुवासाने हलका वाटतो.

शाकाहारी कुटुंबांनी खरेदी करताना वेष्टनावरील हिरवे चिन्ह अवश्य पाहावे. इटलीतील मूळ पार्मेझान चीज वासराच्या जठरातील रेनेट वापरून तयार केले जाते आणि किमान १२ महिने मुरवले जाते. भारतात अनेक उत्पादक त्याऐवजी सूक्ष्मजीवांपासून मिळवलेले रेनेट वापरतात.

खबरदारी

साल पोटात जाणार असल्याने तिच्या स्वच्छतेकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. बागेत फवारलेल्या कीटकनाशकांचा अंश सालीवर राहू शकतो, तर चकाकणाऱ्या फळांवर मेणाचा थर असू शकतो. फळ कोमट पाण्यात स्वच्छ ब्रशने घासून धुवावे व पुसून कोरडे करावे. मात्र धुण्याने कीटकनाशकांचा सगळाच अंश जातो असे नाही. त्यामुळे शक्य असल्यास माहितीच्या बागायतदाराकडून, कमी फवारणीची फळे घेणे श्रेयस्कर. साल किसलेले फळ लवकर सुकते. ते एक-दोन दिवसांत खाऊन संपवावे. उरलेला कीस हवाबंद डबीत भरून फ्रीजरमध्ये ठेवल्यास हंगाम सरल्यावरही काही आठवडे वापरता येतो.