टर्बो गाडीचा ‘बूस्ट’ कोण ठरवतं, स्क्रू की कॉम्प्युटर?

एक छोटासा व्हॉल्व्ह आणि त्यावर एक स्क्रू. स्क्रू पिळला की टर्बो इंजिनाची ताकद वाढते. हा मॅन्युअल बूस्ट कंट्रोलर स्वस्त असतो आणि बसवायलाही सोपा. मग कार कंपन्या त्याच कामासाठी सेन्सर आणि कॉम्प्युटर का वापरतात?

आधी टर्बो समजून घेऊ. इंजिनातून बाहेर पडणारा गरम धूर टर्बाइन फिरवतो आणि तिला जोडलेला कॉम्प्रेसर हवा दाबून इंजिनात भरतो. हा जादाचा दाब म्हणजे बूस्ट. तो हाताबाहेर जाऊ नये म्हणून वेस्टगेट नावाची झडप असते. ती उघडली की काही धूर टर्बाइनला वळसा घालून निघून जातो. झडप उघडणाऱ्या अ‍ॅक्च्युएटरला दाबाची खबर एका बारीक नळीतून मिळते.

मॅन्युअल कंट्रोलर याच नळीत बसतो आणि अ‍ॅक्च्युएटरला चक्क फसवतो. समजा, झडप ०.५ बारला उघडणार आहे. कंट्रोलरने नळीतली थोडी हवा बाहेर सोडली, तर प्रत्यक्ष बूस्ट ०.८ बार झाला तरी अ‍ॅक्च्युएटरपर्यंत ०.५च पोहोचतो. अडचण अशी की, एकदा पिळलेला स्क्रू तसाच राहतो. भर उन्हात घाट चढताना किंवा कमी ऑक्टेनचं पेट्रोल भरल्यावरही.

अशा वेळी नॉकिंगचा धोका असतो. सिलिंडरमधलं मिश्रण स्पार्कची ज्योत पोहोचण्याआधीच स्वतःहून भडकतं. हे जोरात आणि सतत झालं तर पिस्टन फुटतो किंवा हेड गॅस्केट जातं.

स्वीडनच्या साब कंपनीने १९८०च्या दशकाच्या सुरुवातीलाच यावर ‘एपीसी’ ही यंत्रणा आणली. नॉक सेन्सरला इंजिनाची थरथर जाणवली की सोलेनॉइड व्हॉल्व्ह बूस्ट कमी करायचा. त्यामुळे वेगवेगळ्या ऑक्टेनचं पेट्रोल चालायचं. आजचा ईसीयू हेच करतो, शिवाय आरपीएम आणि हवेचं तापमानही बघतो.

अशा गाडीत मॅन्युअल कंट्रोलर बसवला तर बहुतेकदा फायदा मिळतच नाही. अपेक्षेपेक्षा जास्त दाब दिसताच ईसीयू ताकद कमी करतो, गाडी ‘लिम्प मोड’मध्ये जाते. वॉरंटीचा प्रश्न वेगळाच.

ईसीयूकडे बूस्टचा ताबा नसलेल्या जुन्या टर्बो गाड्यांत मात्र मॅन्युअल कंट्रोलर आजही वापरला जातो. तिथेही बूस्ट गेज न लावता स्क्रू पिळणं म्हणजे निव्वळ जुगार.