व्यक्तिगत कथने आणि इतिहासलेखन : नागपूरच्या दोन आत्मकथनांच्या संदर्भात

१९५४ मध्ये तत्कालीन मध्यप्रदेशातील भंडारा लोकसभा मतदारसंघाच्या पोटनिवडणुकीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर पराभूत झाले. उमेदवारांची नावे, मते व निकाल सरकारी नोंदींतून मिळतात. परंतु त्यांच्यासाठी गावोगाव हिंडलेल्या एखाद्या तरुणाने हा पराभव कसा पचविला आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे धम्मदीक्षा घेताना स्वतःकडे तो कोणत्या दृष्टीने पाहू लागला, याचे उत्तर त्या नोंदींत सापडत नाही. त्यासाठी माणसांनी स्वतः सांगितलेल्या जीवनकथांकडेच वळावे लागते.

अशा कथनांचा शास्त्रीय उपयोग नवा नाही. थॉमस व झ्नानिएकी यांनी पोलिश शेतकऱ्यांवरील ग्रंथात (१९१८-२०) स्थलांतरितांची पत्रे आणि एका स्थलांतरिताचे आत्मचरित्र साधन म्हणून वापरले. एरिक एरिक्सन यांनी १९५८ मध्ये मार्टिन ल्यूथरच्या तारुण्यातून अस्मितेच्या पेचप्रसंगाची मांडणी केली. मात्र एरिक्सन यांच्या विवेचनाच्या केंद्रस्थानी एकटी, असामान्य व्यक्ती आहे. मराठी मुलखातील दलित आत्मकथनांना ही चौकट अपुरी पडते.

वसंत मून यांचे ‘वस्ती’ (१९९५) या दृष्टीने महत्त्वाचे आहे. आत्मकथनाच्या शीर्षकात ‘मी’ नसून वस्ती आहे, ही बाब किरकोळ नव्हे. नागपुरातील महारांच्या वस्तीत दारिद्र्यात वाढणाऱ्या मुलाची जडणघडण येथे घराइतकीच समता सैनिक दल, सभा आणि शेजार यांतून होते. किशोरवयात ‘मी कोण’ हा प्रश्न त्याला एकट्याने सोडवावा लागत नाही. उत्तर शोधण्यात सारी वस्ती सहभागी असते. विशेष म्हणजे मून हे आंबेडकरांच्या समग्र लेखन व भाषणांच्या शासकीय ग्रंथमालेचे संपादक होते. कागदपत्रांची किंमत पुरेपूर जाणणाऱ्या संपादकानेच आठवणींनाही साधनाचा दर्जा द्यावा, हे इतिहासाच्या अध्यापकांनी लक्षात घेण्याजोगे आहे.

तथापि केवळ ‘वस्ती’वर विसंबल्यास चित्र एकांगी होईल. त्याच नागपुरात १९२६ मध्ये जन्मलेल्या कौसल्या बैसंत्री यांचे ‘दोहरा अभिशाप’ (१९९९) शेजारी ठेवून वाचावयास हवे. मातृभाषा मराठी असूनही त्यांनी ते हिंदीत लिहिले. आईवडील एम्प्रेस मिलमध्ये कष्ट करून मुलींना शिकवितात, चळवळीचे वारे याही घरात पोहोचते. पण विवाहानंतर याच शिकलेल्या स्त्रीच्या वाट्याला पतीकडून अवहेलना येते. चळवळीने दिलेला स्वाभिमान घराच्या उंबरठ्याशी अडतो. हे लिहिल्यास घरातील पुरुष रागावतील, याची जाणीव त्यांना होती. सत्तरीच्या आसपास त्यांनी ते प्रसिद्ध केले. हा विलंब साधनाचा दोष मानण्याचे कारण नाही. कोणाला, केव्हा, काय बोलता येते, याचा तो पुरावाच आहे.

स्मृती फसवी असते, हा आक्षेप रास्त आहे. १९५६ नंतर मागे वळून पाहणारा निवेदक बालपणाचीही त्या घटनेच्या प्रकाशात फेरमांडणी करतो. सनावळ्या आणि प्रसंग इतर साधनांशी ताडून पाहिलेच पाहिजेत. पण फेरमांडणी कशी झाली, हेदेखील अस्मितेच्या घडणीचे अंग आहे. आपल्या महाविद्यालयांत मात्र ही पुस्तके बहुधा वाङ्मय म्हणून शिकविली जातात आणि इतिहास विभाग त्यांपासून दूर राहतो. ही वाटणी सोयीची असेल, समर्थनीय नाही. उर्मिला पवार व मीनाक्षी मून यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’ (१९८९) या ग्रंथासाठी आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांच्या मुलाखती घेतल्या नसत्या, तर त्यांतील कित्येकींचे अनुभव त्यांच्याबरोबरच लोपले असते.

जवाहरनगरसारख्या ठिकाणी असे काम आजही शक्य आहे. येथील आयुध निर्माणी ऑक्टोबर २०२१ पासून म्युनिशन्स इंडिया लिमिटेडच्या अखत्यारीत आहे. भातशेतीच्या या जिल्ह्यात कारखान्याचा भोंगा आणि वसाहतीतील घर यांनी माणसाची स्वतःविषयीची कल्पना कशी बदलली, हे निवृत्त कामगारांना विचारता येईल. त्यांच्या पत्नींची मुलाखत मात्र स्वतंत्रपणे, पती समोर नसताना घ्यावी आणि प्रत्येक नोंदीवर मुलाखतीचा दिनांक व निवेदकाचे वय अवश्य लिहावे.