ट्रॉलीत ऊस किती भरायचा? आधी आरसी बघा

ट्रॉलीचं आरसी बुक ट्रॅक्टरपेक्षा वेगळं असतं. त्यावर दोन आकडे बघायचे, भरलेल्या ट्रॉलीचं एकूण वजन आणि रिकामं वजन. समजा एकूण 9 टन, रिकामी 2 टन, तर ऊस 7 टनच. नंतर फळ्या, अँगल वाढवले असतील तर रिकामी ट्रॉली एकदा काट्यावर घालावीच. वाढलेलं वजन उसातनं वजा करायचं. ट्रॅक्टर त्याहून जास्त ओढतो हे खरं, पण थांबवायचं कसं? बऱ्याच ट्रॉल्यांना ब्रेकच नसतात. उताराला मागचा सगळा भार ट्रॅक्टरला ढकलतो, चढाला पुढची चाकं उठतात. मोटार वाहन कायद्यात जादा भाराला दंड 20 हजार, शिवाय प्रत्येक जादा टनाला 2 हजार. जादा माल उतरवायचा खर्चही गाडीवाल्याकडंच.