दहा सेंटांचा वारसा

दिवाळीच्या आधीचा आठवडा हा आमच्या घरी माळा उतरवण्याचा आठवडा. वर्षभर वर ढकललेले सारे खाली येते, झटकले जाते आणि त्यातले निम्मे पुन्हा वर चढते. उरलेले निम्मे दाराशी तराजू घेऊन बसलेल्या रद्दीवाल्याच्या पोत्यात जाते. माझे मामा १९९१ साली वारले. गिरगावातल्या एका छापखान्यात ते जुळारी होते. लग्न केले नव्हते. मागे उरले ते एक मनगटी घड्याळ, दोन कोट आणि एक पत्र्याची ट्रंक. ट्रंकेत 'इंद्रजाल'ची चित्रकथांची पुस्तके होती. १९६४ साली ती मुंबईत निघू लागली, तेव्हापासून मामांनी पगारातून चार आणे, आठ आणे काढून घेतलेली. वेताळावर त्यांचा फार जीव! आजारपणात एकदा मला म्हणाले होते, "ट्रंक तुझी रे." पण १९९२ च्या दिवाळीत मी शाळेतून घरी आलो तो ट्रंक अंगणात उन्हाला उपडी पडलेली, आणि सतरा रुपये आईच्या पदराच्या गाठीला. मी दोन दिवस जेवलो नाही, असे आई सांगते. एकच दिवस असावा, कारण दुसऱ्या दिवशी चकल्या होत्या.

ही रडकथा आज उकरून काढण्याचे कारण म्हणजे सातासमुद्रापलीकडची एक हकीकत. मॅट्रिकपुढे कॉलेजची पायरी मी चढलो नाही. चित्रकलेचा डिप्लोमा केला आणि शाळेत फळ्यावर आंबे-पेरू काढू लागलो. त्यामुळे चित्रकथांचा इतिहास हा माझ्या आवडीचा विषय, आणि त्या इतिहासात ही हकीकत मला वारंवार भेटते.

अमेरिकेत वर्जिनिया म्हणून राज्य आहे. तिथल्या मार्टिन्सव्हिल गावात २०११ च्या फेब्रुवारीत एक वृद्ध बाई वारल्या. त्यांचे यजमान १९९४ सालीच गेले होते. मूलबाळ नाही. घर आवरायला भाचेमंडळी जमली. त्यांच्यातल्या एका तिशीतल्या तरुणाला तळघरातल्या कपाटात जुन्या चित्रकथांचे गठ्ठे दिसले. एकावर एक, नीट रचलेले, एकंदर ३४५ अंक. म्हाताऱ्या गृहस्थांनी त्यांचा उल्लेख हयातीत कोणाजवळ केला नव्हता. बाई मात्र एकदा बोलता बोलता म्हणून गेल्या होत्या, की तुम्हा दोघा भावांना आवड आहे, तर माझ्याकडे आहेत त्या पुढेमागे तुम्हालाच देईन. बस्स, एवढेच.

भावांनी निम्मी निम्मी वाटणी केली. एकाने आपला वाटा कॅलिफोर्नियाला नेला. दुसऱ्याचा वाटा टेक्ससमध्ये आईच्या घरी वरच्या मजल्यावर खोक्यांत पडून राहिला. हा तरुण एका कारखान्यात पाण्यातून तेल वेगळे करण्याच्या यंत्रावर काम करी. काही महिन्यांनी कारखान्यातच गप्पा मारताना सोबती त्याला सहज म्हणाला, "त्यात 'ॲक्शन कॉमिक्स'चा पहिला अंक निघाला तर काय बहार होईल!" तरुणाने घरी येऊन गठ्ठे चाळले. तो अंक त्यात होता.

या अंकाची महती आधी सांगितली पाहिजे. १९३८ सालचा हा अंक, किंमत दहा सेंट. सुपरमॅन नावाचा अंगात निळे आणि पाठीवर तांबडे वस्त्र घेतलेला वीर जगाने पाहिला तो याच अंकात. दोन लाख प्रती छापल्या होत्या. त्यातल्या सुमारे १,३०,००० खपल्या आणि उरलेल्यांचा लगदा झाला, असे जाणकार सांगतात. खपलेल्यांपैकी आज जगात शंभराच्या आसपास शिल्लक असाव्यात.

बाकीच्या गेल्या कुठे? पोरांनी वाचून फाडल्या, हे एक. दुसरे, महायुद्धात सरकारने कागद गोळा करण्याची मोहीम काढली आणि शाळकरी मुले हातगाड्या ओढीत घरोघर हिंडून रद्दी जमवू लागली. त्या देशभक्तीत सुपरमॅनही गेला. तिसरे कारण आम्हा मास्तरांच्या जातीचे. युद्धानंतर शहाण्या माणसांनी ठरवले, की या पुस्तकांनी पोरे बिघडतात. १९४८ साली काही गावांत शाळेच्या आवारात चित्रकथांच्या होळ्या पेटल्या. १९५४ साली फ्रेडरिक वर्थॅम या मनोविकारतज्ज्ञाने या पुस्तकांवर गुन्हेगारीचा आरोप ठेवणारा मोठा ग्रंथ लिहिला. त्याच वर्षी सिनेटच्या समितीपुढे चौकशी झाली आणि धास्तावलेल्या प्रकाशकांनी आपणहून स्वतःवर नियमावली लादून घेतली. माझ्याही टेबलाच्या खणात वर्गात जप्त केलेली दोन-चार पुस्तके असतात, म्हणून मी या होळीवाल्यांना फार नावे ठेवीत नाही. आणि चौथे कारण म्हणजे आया. मुलगा मोठा झाला, सैन्यात गेला, नोकरीला लागला, की आईने खोली आवरायची आणि ती खोकी बाहेर काढायची. जुन्या चित्रकथा दुर्मीळ का झाल्या, हे सांगताना तिथले पंडित युद्ध, वापर आणि आया अशी तीन नावे गंभीरपणे घेतात. हे वाचले तेव्हा मला माझ्या घरचीच साक्ष मिळाल्यासारखे वाटले.

आता किंमत चढते ती या नाशामुळेच. त्या दोन लाख प्रती साऱ्या आयांनी जपल्या असत्या तर आज त्यांना कोणी विचारले नसते. एका अर्थी त्या भाच्यांची दौलत इतरांच्या आयांनी घडवली.

वर्जिनियातल्या त्या गृहस्थांनी लहानपणी दहा-दहा सेंट घालून नेमके तेच अंक घेतले, जे पुढे मोलाला चढायचे होते. सर्वांत मौल्यवान मानल्या जाणाऱ्या १०० अंकांच्या यादीतले ४४ त्यांच्या कपाटात निघाले. त्या पोराला काय कल्पना असणार! त्याला गोष्टी आवडत होत्या आणि त्याने त्या टाकल्या नाहीत.

अशा वस्तू विकायच्या म्हणजे बाजारात पथारी मांडून भागत नाही. १९७० साली रॉबर्ट ओव्हरस्ट्रीट या संग्राहकाने जुन्या चित्रकथांच्या भावांची यादी पुस्तकरूपाने काढली, तेव्हापासून या धंद्याला पंचांग मिळाले. पुढे २००० साली प्रती तपासून त्यांना दहापैकी गुण देणारी कंपनी निघाली. कोपरा दुमडला, गुण कमी. टाचणी गंजली, गुण कमी. कोणी प्रेमाने डिंक लावून पान चिकटवले किंवा उडालेला रंग भरला, तर फारच कमी. आम्ही शाळेत वह्या तपासतो त्याहून कडक! तपासून झाले की प्रत प्लॅस्टिकच्या पारदर्शक पेटीत कायमची बंद करतात. मग मुखपृष्ठ तेवढे दिसते. वाचायचे झाले तर पेटी फोडावी लागते आणि फोडली की गुणपत्रिका रद्द. मुलांनी रात्री पांघरुणात दिवा धरून वाचण्यासाठी निघालेले पुस्तक असे न वाचता येणारे होऊन बसते. मला हे पटत नाही. पण मला विचारतो कोण?

हेरिटेज ऑक्शन्स या लिलाव कंपनीचा माणूस येऊन संग्रह पाहून गेला, तेव्हा कुटुंबाला आपल्या हाती काय आहे ते खरेपणी कळले. मुलाची खोकी इतके महिने घरात सांभाळलेल्या आईला तर आपल्याच माडीवर काय पडले होते यावर विश्वास बसेना. अंकांची यादी झाली, गुण लागले, सूचीपत्र छापले गेले, आणि २०१२ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कला बोली लागली. 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स'चा १९३९ सालचा २७ वा अंक, ज्यात बॅटमॅन प्रथम अवतरला, तो ५,२३,००० डॉलरांना गेला. सुपरमॅनच्या पहिल्या अंकाची ही प्रत २,९९,००० ला, आणि 'बॅटमॅन' मासिकाचा पहिला अंक २,७५,००० ला. या आकड्यांत कंपनीने घेणाऱ्याकडून वर आकारलेली साडेएकोणीस टक्के दस्तुरीही धरलेली आहे. हातोडा पडतो तो आकडा निराळा आणि मोजावा लागतो तो निराळा. त्या विक्रीची एकूण बेरीज ३५ लाख डॉलरांच्या आसपास झाली. त्या वेळच्या दराने सुमारे १७ कोटी रुपये! किरकोळ मोलाचे अंक मागाहून निराळे विकले गेले.

पुष्कळांना अशा वारसांचा राग येतो. म्हाताऱ्याने जन्मभर जपले आणि यांनी वर्षभरात हातोड्याखाली घातले! मला मात्र तसे वाटत नाही. दोघा भावांत एक पहिला अंक कसा वाटायचा? घरात ठेवावा तर विमा, चोर आणि दमट हवा यांची धास्ती. १९७७ साली डेन्व्हरला एडगर चर्च या चित्रकाराच्या घरचा हजारो अंकांचा संग्रह कुटुंबीयांनी घर रिकामे करायच्या घाईत चक रोझान्स्की या तरुण व्यापाऱ्याला एकगठ्ठा देऊन टाकला. त्यातल्या एकेका अंकाला आज लाखांनी डॉलर येतात, पण ते दुसऱ्यांना. त्या मानाने या भाच्यांनी उघड्या बाजारात, चारचौघांदेखत सौदा केला.

मला बोचते ते दुसरेच. अंक विकणाऱ्यांना वारसा मिळाला, पण अंक घडवणाऱ्यांच्या वारशाचे काय? सुपरमॅन रचला क्लीव्हलँडच्या जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन गरीब पोरांनी. १९३८ साली दोघेही तेवीस वर्षांचे. त्यांनी सारे हक्क १३० डॉलरांना लिहून दिले. पुढे खटले झाले, दोघे हरले. शुस्टरची दृष्टी जवळजवळ गेली, सीगल लॉस एंजेलिसला टपालाचा कारकून झाला. १९७५ साली बराच बोभाटा झाल्यावर कंपनीने वर्षाला वीस हजार डॉलर पेन्शन आणि कथेवर नाव देण्याचे मान्य केले. सीगलच्या वारसांचा दावा तर एकविसाव्या शतकातही कोर्टात चालू होता. बॅटमॅनचा पहिला प्रसंग लिहिणारा बिल फिंगर १९७४ साली वारला, आणि निर्मात्यांत त्याचे नाव अधिकृतपणे लागले ते २०१५ साली. पाच लाखांच्या त्या अंकात हे नाव शोधून सापडणार नाही.

आणि मौज पाहा. भाच्यांचा लिलाव झाला त्याच वर्षी, दोनच महिन्यांनी, सुपरमॅनच्या मोबदल्याचा तो जुना धनादेशही लिलावात आला. इतर कामाचे पैसे धरून एकूण ४१२ डॉलरांचा. त्यातले १३० सुपरमॅनचे. पुढच्या बाजूला दोघांची नावे चुकीची लिहिलेली, म्हणून मागे दोघांनी दोनदा सह्या केलेल्या. हा कागद १,६०,००० डॉलरांना गेला. म्हणजे ज्या कागदाने त्यांचा हक्क गेला, तो कागद त्यांच्या मोबदल्याच्या बाराशेपट मोलाचा ठरला.

अलीकडचीही एक गोष्ट सांगतो आणि आटोपते घेतो. कॅलिफोर्नियात तीन भावांची आई वारली. आपल्याजवळ जुन्या चित्रकथा आहेत, असे ती मुलांना सांगत असे, पण तिने त्या कधी दाखवल्या नव्हत्या. तिने आणि तिच्या भावाने महायुद्धाआधी लहानपणी मिळून घेतलेल्या. २०२४ साली माळा आवरताना मुलांना जुन्या वर्तमानपत्रांखाली एक खोके सापडले. त्यात १९३९ सालचा 'सुपरमॅन'चा पहिला अंक होता. तिथली हवा थंड, त्यामुळे पाने जशीच्या तशी. आमच्या कोकणात पहिल्या चार पावसाळ्यांतच वाळवीने पारायण केले असते! २०२५ च्या नोव्हेंबरात तो अंक ९१,२०,००० डॉलरांना गेला. आपले ८० कोटींच्या घरात.

ही बातमी मी आईला वाचून दाखवली. ती फराळाचा रवा भाजीत होती. मी जरा खोचकपणे म्हटले, "बघ, त्या बाईने भावाची पुस्तके जपली."

आई बराच वेळ झारा फिरवीत राहिली. मग म्हणाली, "दादाच्या ट्रंकेला मी वर्षभर हात लावला नव्हता. माझ्याने कडी काढवेना. त्या रद्दीवाल्याला म्हटले, बाबा रे, तूच उघड." आणि मला म्हणाली, "वेलची सोलून दे."